शेकडो दिव्यांचे दालन आणि चाळीस मिनिटांची फ्रेम: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

एका नियोजित वाचनालयासाठी नव्वद सेकंदांची अ‍ॅनिमेशन फिल्म करायची होती. इमारत अजून कागदावरच होती. रात्रीची वेळ, मोठे वाचन-दालन. कॅमेरा दारातून आत शिरतो, टेबलांच्या रांगांमधून सरकत जातो, वर झुंबराकडे नजर टाकतो आणि शेवटी भिंतभर उभ्या असलेल्या पुस्तकांच्या कपाटांसमोर थांबतो. फिल्मचा जीव सुरुवातीच्या शॉटमध्ये होता. दालन जवळजवळ अंधारात असते. आधी टेबलांवरचे दिवे लागतात, मग कपाटांतल्या प्रकाशपट्ट्या, मग छताची कड उजळते आणि सर्वांत शेवटी झुंबर. काम देणाऱ्यांना हाच क्रम हवा होता आणि त्यावर त्यांचा कटाक्ष होता.

गट चौघांचा: गटप्रमुख, मॉडेलिंग (वस्तूंचे आकार) आणि टेक्श्चर (त्यांचे रंग-पोत) करणारा एक, लाइटिंग पाहणारी एक आणि कंपोझिटिंग, म्हणजे सुटे थर जोडून अंतिम चित्र बनवणे, करणारा एक. हाताशी चार सारखी मशीन, प्रत्येकात एक ग्राफिक्स कार्ड. काम ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरच्या सायकल्स इंजिनवर (सीनमधला प्रकाश मोजून चित्र काढणारा, म्हणजे रेंडर करणारा भाग), फाइल ब्लेंडरच्या ३.३ आवृत्तीत. ओळख पटू नये म्हणून दालनाचे काही तपशील इथे बदलले आहेत आणि आकडे ढोबळ केले आहेत. निर्णय कसे झाले आणि का झाले, ते मात्र घडले तसेच मांडले आहे.

अडचण

प्रतिसेकंद २४ फ्रेमप्रमाणे नव्वद सेकंदांच्या २,१६० फ्रेम होतात. एका फ्रेमला सरासरी ४० मिनिटे लागत होती. म्हणजे एका मशीनवर १,४४० तास. चार मशीन न थांबता चालली तरी पंधरा दिवस. हातात नऊ दिवस होते, आणि त्यातले निदान दोन दुरुस्त्यांसाठी राखून ठेवणे भाग होते.

बरे, चाळीस मिनिटे देऊनही फ्रेम स्वच्छ निघत नव्हती. छताखालच्या कोपऱ्यांत दाणे होते, पितळी दिव्यांभोवती पांढरे चमकते ठिपके, ज्यांना सगळे फायरफ्लाय म्हणतात, आणि कपाटांच्या आतल्या बाजूला राखाडी कचकच. सॅम्पल, म्हणजे प्रत्येक पिक्सेलसाठी पाठवल्या जाणाऱ्या चाचणी-किरणांची संख्या, वाढवणे हा नेहमीचा उपाय. पण इथे त्याचा हिशेब फार महागात पडतो. पाथ ट्रेसिंगमधला, म्हणजे किरणांचा माग काढत प्रकाश मोजण्याच्या या पद्धतीतला, नॉइज (दाणेदारपणा) सॅम्पलच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होतो. नॉइज निम्मा करायचा तर सॅम्पल चौपट लागतात. चाळीसची एकशेसाठ मिनिटे झाली असती.

दिवे पुष्कळ असले की असे का होते, हे थोडक्यात सांगतो, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर उभे आहेत. कॅमेऱ्यातून निघालेला किरण एखाद्या पृष्ठभागावर पडला की इंजिन तिथून एखादा दिवा निवडते आणि त्या दिशेने सावलीचा किरण पाठवून पाहते: मध्ये काही आड येते का? न आल्यास त्या दिव्याचा प्रकाश मोजला जातो. दिवे चार असतील तर प्रत्येकाची पाळी लवकर येते. दिवे शेकडो असतील तर निवडलेला दिवा बहुतेक वेळा दूरचा, मंद किंवा कशाच्या तरी आडचा निघतो. जो दिवा त्या बिंदूला खरोखर उजळतो त्याची पाळी क्वचित येते, आणि आली की एकदम मोठा आकडा हाती लागतो. शेजारच्या पिक्सेलला तो लागत नाही. आपल्याला दिसणारा नॉइज तो हाच फरक.

आधी मोजणी

सुरुवातीलाच गटात मतभेद झाला. गटप्रमुखांचे म्हणणे होते, "सॅम्पल निम्मे करू, डीनॉइझर लावू, वेळ निम्म्यावर येईल." डीनॉइझर म्हणजे तयार चित्रातले दाणे अंदाजाने पुसणारे साधन. लाइटिंग पाहणारीने एकच अट घातली: "एक फ्रेम बघून ठरवायला नको. सलग चोवीस फ्रेम काढू आणि चालवून बघू."

चोवीस फ्रेम चालवून पाहिल्यावर प्रश्न निकालात निघाला. सुटी फ्रेम देखणी होती. हलती फिल्म सुरू होताच छत आणि कपाटांच्या आतल्या भिंती उकळल्यासारख्या दिसू लागल्या. कारण उघड आहे. डीनॉइझर प्रत्येक फ्रेम वेगळी पाहतो, प्रत्येक फ्रेममधले दाणे वेगळे असतात, आणि दाणे जिथे दाट तिथे त्याचा अंदाज दर फ्रेमला थोडा वेगळा येतो. तो फरक मोठ्या, मऊ डागांच्या रूपात उरतो. दाणे डोळा खपवून घेतो, हलते डाग खपवून घेत नाही. रेंडर सीड, म्हणजे दाण्यांची मांडणी ठरवणारा आकडा, सगळ्या फ्रेमना एकच ठेवून पाहिला, तेव्हा दाण्यांचा पडदा कॅमेऱ्याच्या काचेवर चिकटल्यासारखा स्थिर राहिला आणि दालन त्याच्या मागून सरकत गेले. तेही चालण्यासारखे नव्हते.

मला या प्रकरणातला सर्वांत मोलाचा निर्णय इथे दिसतो. पुढचा संपूर्ण दिवस फक्त मोजणीला दिला. नऊ दिवसांतला एक दिवस काहीही न सुधारता घालवणे सोपे नसते. वेगवेगळ्या शॉटमधल्या पाच फ्रेम निवडल्या आणि प्रत्येकीचे पास, म्हणजे प्रकाशाच्या प्रकारानुसार चित्राचे वेगळे थर, सुटे काढले: मॅट पृष्ठभागावरचा थेट प्रकाश (डिफ्यूज डायरेक्ट), तिथला उसळून आलेला (डिफ्यूज इनडायरेक्ट), चकाकीचा (ग्लॉसी), काचेतून आरपार येणारा (ट्रान्समिशन). शिवाय सायकल्समध्ये कोणत्या पिक्सेलने किती सॅम्पल खाल्ले हे दाखवणारा पास असतो, तोही घेतला. अ‍ॅडॅप्टिव्ह सॅम्पलिंग चालू असल्यामुळे जिथे नॉइज लवकर आटोक्यात येतो तिथे इंजिन थांबते. जिथे येत नाही तिथे कमाल मर्यादेपर्यंत घासत राहते. त्या पासमध्ये पांढरा दिसणारा भाग म्हणजे वेळ खाणारा भाग.

टेबल, फरशी, खुर्च्या आणि पुस्तकांच्या पुढच्या बाजू काळ्या निघाल्या, म्हणजे लवकर आटपल्या होत्या. पांढरे होते ते तीनच भाग: कपाटांचे आतले कप्पे, झुंबराच्या आसपासचे छत आणि दाराजवळची भिंत. दाराजवळच्या भिंतीने सगळे बुचकळ्यात पडले, कारण तिथे एकही दिवा दिसत नव्हता.

दिव्यांची झडती घेतल्यावर उलगडा झाला.

कपाटांत साठ प्रकाशपट्ट्या होत्या. प्रत्येक पट्टी म्हणजे गोलसर कडांचा एक मेश (त्रिकोणांनी बनलेला आकार), आणि त्याला इमिशन, म्हणजे स्वतः चमकणारे, मटेरियल. मेशमध्ये सुमारे चारशे त्रिकोण. चमकणाऱ्या मेशचा प्रत्येक त्रिकोण इंजिनच्या लेखी एक स्वतंत्र दिवा असतो. लाइटिंग करणारीने मांडले होते साठ दिवे, इंजिन पाहत होते चोवीस हजार.

झुंबराचे बल्ब हौसेने आणि अगदी खऱ्यासारखे केलेले होते: जाडीची काच, आत चमकणारी तार. काच आली की तारेकडे पाठवलेला सावलीचा किरण काचेवरच अडतो. इंजिनला तो अडथळाच वाटतो. मग प्रकाश बाहेर यायचा एकच मार्ग उरतो: छतावरून उसळलेला एखादा किरण योगायोगाने काचेतून वाकून नेमका त्या बारीक तारेवर आदळायला हवा. असे लाखांत एखाद्या वेळी घडते, आणि घडले की एक फायरफ्लाय जन्माला येतो.

दाराजवळच्या भिंतीचे कारण पलीकडच्या मार्गिकेत होते. तिथे मॉडेलिंगच्या वेळी चाचणीसाठी लावलेले दिवे तसेच राहिले होते. बहुतेक शॉटमध्ये दार बंद, त्यामुळे ते दिवे दालनात काहीच उजळत नव्हते. पण दाराजवळच्या बिंदूंना ते सर्वांत जवळचे आणि तेजस्वी. तिथला बहुतांश हिशेब बंद दाराआडच्या दिव्यांवर खर्च होत होता.

तपासलेले पर्याय

बाहेरच्या रेंडर फार्मवर टाकणे हा पर्याय पहिल्याच दिवशी चर्चेला आला. तो राखीव ठेवला. फार्मवर गेल्याने चाळीस मिनिटांची फ्रेम वीस मिनिटांची होत नाही, ती फक्त जास्त मशीनवर वाटली जाते. शिवाय उकळणारे छत फार्मवरही उकळतच राहिले असते.

प्रकाश बेक करणे, म्हणजे एकदाच मोजून टेक्श्चरमध्ये साठवणे, हा स्थिर दालनासाठी उत्तम मार्ग आहे. फक्त कॅमेरा हलतो आणि पृष्ठभाग बहुतांशी मॅट आहेत असे दालन असेल तर मी आधी हाच सुचवेन. इथे दिवे क्रमाने लागत होते, फरशी चकाकती होती आणि हजारो पुस्तकांची यूव्ही मांडणी (टेक्श्चर बसवण्यासाठी पृष्ठभाग सपाट उलगडणे) करायला हवी होती. नाकारला.

ब्लेंडरच्याच ईव्हीसारख्या रिअल-टाइम (तत्काळ चित्र काढणाऱ्या) इंजिनवर जाणे हाही वेगाचा मार्ग. पण छताच्या कडेतला अप्रत्यक्ष प्रकाश आणि पितळावरची प्रतिबिंबे प्रोब, म्हणजे आसपासचा प्रकाश टिपणारे बिंदू, मांडून पुन्हा जुळवावी लागली असती. काम देणाऱ्यांनी मंजूर केलेली स्थिर चित्रे सायकल्सची होती. नाकारला.

एकाआड एक फ्रेम रेंडर करून मधल्या सॉफ्टवेअरने भरायच्या, हे करून पाहिले. फरशीवर चालले. पितळी दिव्यांवरच्या चमकेने आणि काचेच्या कडांनी मधल्या फ्रेममध्ये आकार बदलले. एवढे बघून तो विषय सोडला.

मागच्या-पुढच्या फ्रेमचा आधार घेणारे टेम्पोरल डीनॉइझिंगही तपासले. त्याला प्रत्येक पिक्सेल कुठून कुठे सरकला हे सांगणारा व्हेक्टर पास लागतो. पृष्ठभाग सरकतो त्याच गतीने त्यावरची सावली किंवा प्रतिबिंब सरकेलच असे नाही, आणि दिवे लागण्याच्या शॉटमध्ये तर पृष्ठभाग न हलताच त्याची उजळी बदलते. मुख्य शॉटलाच ते तोकडे पडणार होते.

उरला तो सीनमध्येच हात घालण्याचा मार्ग. त्यात एक मोठा निर्णय दडलेला होता: आवृत्ती बदलायची का?

आवृत्ती बदलण्याचा निर्णय

पुष्कळ दिव्यांतून योग्य दिवा निवडण्यासाठी सायकल्समध्ये लाइट ट्री आला तो ब्लेंडर ३.५ मध्ये, २०२३ साली. दिव्यांना जवळच्या-दूरच्या गटांत बांधून त्यांचे झाड करायचे, आणि प्रत्येक बिंदूवर अंतर, तेज आणि दिव्याचे तोंड कुठे आहे हे पाहून फांदी निवडत खाली उतरायचे, अशी त्याची रीत. सोनी इमेजवर्क्सच्या आर्नोल्ड रेंडररसाठी झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या कामात ही कल्पना सविस्तर मांडलेली आहे. एक सॅम्पल थोडे महाग होते, पण वाया जाणारी सॅम्पल खूप कमी होतात.

फाइल ३.३ मध्ये होती, तिथे हे नव्हते. पुढे दोन वाटा होत्या: ३.६ किंवा ४.२. दोन्ही दीर्घकाळ पाठबळ मिळणाऱ्या आवृत्त्या. ४.० पासून लाइट लिंकिंग आले, म्हणजे कोणता दिवा कोणत्या वस्तूंना उजळेल हे ठरवता येते. बंद दाराआडच्या दिव्यांचा प्रश्न त्याने एका फटक्यात सुटला असता. लाइटिंग पाहणारीचा कल अर्थातच तिकडे होता. पण त्याच ४.० मध्ये प्रिन्सिपल्ड शेडर, म्हणजे पृष्ठभाग कसा दिसेल हे ठरवणारा मुख्य घटक, नव्याने बांधला गेला. लाकडाचे पॉलिश, मखमली खुर्च्या, कातडी बांधणीची पुस्तके, सगळी मटेरियल त्यावरच. मंजूर झालेल्या चित्रांशी पुन्हा एकेक मटेरियल ताडून पाहावे लागले असते. मॉडेलिंग करणाऱ्याने खुर्चीचे मखमल दोन्हींत रेंडर करून शेजारी शेजारी लावले. कडेची चमक वेगळी दिसत होती. त्या एका चित्राने निर्णय झाला: ३.६.

लाइट ट्री मिळाला, लाइट लिंकिंग सोडले. मला हा सौदा बरोबर वाटतो. अर्ध्यावर आलेल्या कामात नवी आवृत्ती घेताना काय मिळते याच्या आधी काय बदलते ते पाहावे लागते. मूळ फाइल ३.३ मध्ये तशीच बाजूला ठेवली, नव्या आवृत्तीत वेगळी प्रत जतन केली, आणि जुनी फाइल उघडल्यावर लाइट ट्री खरोखर चालू आहे का ते सेटिंगमध्ये जाऊन तपासले. जुन्या फाइलमध्ये तो आपोआप चालू होईल असे गृहीत धरू नये.

काय केले

पहिला हात कपाटांच्या पट्ट्यांना. प्रत्येक मेशमागे एक लांबट एरिया लाइट (चमकत्या आयतासारखा दिवा) बसवला, तो कॅमेऱ्याला अदृश्य केला. मेश दिसण्यापुरता चमकत राहिला, पण मटेरियलच्या सेटिंगमध्ये त्याचे इमिशन सॅम्पलिंग बंद केले, म्हणजे दिव्यांच्या यादीतून तो गेला. चोवीस हजार त्रिकोणांच्या जागी साठ आयत आले. प्रकाश आधीच्या चित्राशी जुळवायला अर्धा दिवस गेला. एरिया लाइट एकाच बाजूने प्रकाश टाकतो, मेश सगळीकडून टाकत होता, त्यामुळे कप्प्याची मागची भिंत आधी अंधारली. आयत थोडे तिरके केल्यावर जमले.

झुंबरात तार नुसती दिसण्यापुरती ठेवली. प्रत्येक बल्बच्या मध्यावर लहान त्रिज्येचा पॉइंट लाइट (सगळ्या दिशांना प्रकाश टाकणारा दिवा) आणि काचेच्या वस्तूची सावलीच्या किरणांपुरती दृश्यता बंद. काच कॅमेऱ्याला आणि प्रतिबिंबांना दिसते, प्रकाशाला आडवी येत नाही. खऱ्या काचेतून छतावर पडणाऱ्या नाजूक प्रकाशरेषा यात जातात. त्या हव्याच असत्या तर हा मार्ग चालला नसता. या दालनात छत इतके उंच होते की त्या दिसल्याच नसत्या.

टेबलावरच्या दिव्यांच्या हिरव्या काचेच्या छत्र्याही जाडीच्या काचेच्या होत्या. त्या एकपदरी करून ट्रान्सल्युसंट (अर्धपारदर्शक) मटेरियल दिले. आता छत्री आतल्या बल्बचा प्रकाश थेट घेते आणि स्वतः उजळते. प्रत्यक्षात हे जास्त देखणे निघाले, कारण आधीच्या काचेत नॉइजमुळे रंग मळका दिसत होता.

छताच्या कडेत अठ्ठेचाळीस छोटे दिवे होते. या दिव्यांचा प्रकाश फक्त छतावर पडतो आणि तिथून खाली येतो. खालच्या टेबलावरून त्यांच्याकडे पाठवलेला प्रत्येक सावलीचा किरण कडेवर अडतो. लाइट ट्री इथे मदत करत नाही. त्याला अंतर कळते, तेज कळते, पण मध्ये भिंत आहे हे कळत नाही. म्हणून अठ्ठेचाळीसचे चार लांब एरिया लाइट केले, तोंड वर. पाठ खाली असल्यामुळे टेबलाकडून पाहता त्यांची निवडच होत नाही.

हाच मर्यादेचा मुद्दा मार्गिकेच्या दिव्यांना लागू होता. दार बंद असलेल्या सर्व शॉटमध्ये ते रेंडरमधून काढून टाकले. दार उघडण्याच्या शॉटमध्ये एकच मोठा एरिया लाइट ठेवला.

बाऊन्सच्या, म्हणजे किरण किती वेळा उसळू द्यायचा याच्या, बाबतीत गटाने धीर दाखवला. बाऊन्स कमी करा म्हणजे वेग वाढतो, हा सल्ला सर्रास दिला जातो. डिफ्यूज बाऊन्स चारवरून दोनवर आणून पाहिले. वेळ थोडा वाचला, पण छताखालचा सगळा थर काळवंडला, कारण तो प्रकाशच उसळून येणारा होता. चार कायम ठेवले. ट्रान्समिशनचे बाऊन्स मात्र बारावरून सहावर आणले. काचा आता साध्या होत्या, फरक दिसला नाही. इनडायरेक्ट क्लॅम्प, म्हणजे उसळून आलेल्या प्रकाशावरची कमाल मर्यादा, दहावरून तीनवर नेल्यावर फायरफ्लाय गेले, पण पितळावरची उबदार झळाळीही गेली. सहावर तडजोड झाली आणि तो आकडा सगळ्या शॉटना एकच ठेवला. क्लॅम्प प्रकाशाची ऊर्जा कापतो. शॉटगणिक वेगळा ठेवला तर जोडणीच्या जागी उजळी उडी मारते.

बाकी कामे भराभर झाली. एकसारख्या पुस्तकांच्या प्रती काढून इन्स्टन्स, म्हणजे एकाच मूळ वस्तूचे संदर्भ, केल्या. कॅमेरा कधीच जवळ जात नाही अशा कपाटांची टेक्श्चर लहान केली. पर्सिस्टंट डेटा चालू केला, त्यामुळे प्रत्येक फ्रेमला सीन नव्याने उभा करण्यात जाणारी दोन-तीन मिनिटे वाचली. हा पर्याय मेमरी अडवून ठेवतो, म्हणून टेक्श्चर आधी आवरणे गरजेचे होते.

दिवे लागण्याचा शॉट

दिवे क्रमाने लागणार आणि कोणता कधी यावर शेवटपर्यंत चर्चा होणार, हे सगळ्यांना ठाऊक होते. म्हणून लाइट ग्रुप वापरायचे ठरले. दिव्यांचे चार गट: टेबल, कपाट, छताची कड, झुंबर. सगळे दिवे लावून एकदाच रेंडर करायचे, प्रत्येक गटाचा प्रकाश वेगळ्या पासमध्ये घ्यायचा, आणि कंपोझिटिंगमध्ये प्रत्येकाला हव्या त्या क्षणी शून्यावरून पूर्ण उजळीपर्यंत आणायचे. प्रकाश बेरजेने चालतो, त्यामुळे हे गणिताने अचूक आहे. अट एवढीच की बेरीज लिनियर (प्रकाशाच्या मूळ प्रमाणातल्या) मूल्यांवर, ईएक्सआर फाइलींत व्हायला हवी. व्ह्यू ट्रान्सफॉर्म (पडद्यावर दाखवण्यासाठी केलेला रंगबदल) लागलेल्या पीएनजी चित्रांवर ती चुकते.

चाचणी म्हणून सगळे गट पूर्ण उजळीवर ठेवून पाहिले. चित्र निर्मळ. शॉट रेंडरला लावला. दुसऱ्या दिवशी कंपोझिटिंग करणाऱ्याने क्रम मांडला तेव्हा पहिल्या चार सेकंदांत, जिथे फक्त टेबलांवरचे दिवे लागलेले असतात, दाणे आणि डाग परत आले.

कारण शोधायला फार वेळ लागला नाही. अ‍ॅडॅप्टिव्ह सॅम्पलिंग नॉइज मोजते ते एकत्रित चित्रावर. झुंबर लागलेले असताना भिंतीवरच्या प्रकाशात टेबलाच्या दिव्यांचा वाटा अगदी थोडा. त्यातले दाणे झुंबराच्या उजेडात बुडून जातात, इंजिनला भिंत स्वच्छ वाटते आणि ते थांबते. झुंबर शून्यावर नेले की तेच दाणे उघडे पडतात. लाइट ट्रीही त्याच दिशेने झुकतो: तेजस्वी दिव्यांना जास्त सॅम्पल, मंदांना कमी.

इथे तीन वाटा होत्या. नॉइज थ्रेशोल्ड (किती नॉइज उरला की थांबायचे ती मर्यादा) आणखी खाली नेऊन अख्खा शॉट पुन्हा रेंडर करणे. लाइट ग्रुप सोडून दिव्यांची उजळी सीनमध्येच अ‍ॅनिमेट करणे, म्हणजे क्रम बदलला की पुन्हा रेंडर. किंवा फक्त पहिला भाग वेगळा काढणे, ज्यात टेबलांचेच दिवे आहेत.

तिसरी निवडली. त्या फ्रेममध्ये बाकीचे तिन्ही गट रेंडरमधूनच बाहेर ठेवले, त्यामुळे इंजिनचे सगळे सॅम्पल टेबलांच्या दिव्यांना मिळाले, आणि दिवे थोडे असल्यामुळे फ्रेमही लवकर निघाल्या. मग या स्वच्छ फ्रेमनी टेबल-गटाचा जुना पास बदलला. कपाटांच्या पट्ट्या लागू लागतात तिथून पुढे जुनेच पास चालले. गट वेगवेगळे डीनॉइज करून मग बेरीज केली. त्यासाठी इंटेलचे ओपन इमेज डीनॉइझ वापरले, अल्बेडो (पृष्ठभागाचा मूळ रंग) आणि नॉर्मल (पृष्ठभागाची दिशा) पास सोबत देऊन, म्हणजे पुस्तकांच्या कण्यावरची सोनेरी अक्षरे पुसली जाऊ नयेत.

निकाल

सरासरी फ्रेम चाळीस मिनिटांवरून सुमारे अकरा मिनिटांवर आली. सर्वांत मोठा वाटा पट्ट्या, बल्ब आणि छत्र्या दुरुस्त करण्याचा: तेवढ्यानेच, तितक्याच नॉइजला, चाळीसची चोवीस झाली होती. लाइट ट्रीने सोळापर्यंत आणले. मार्गिकेचे दिवे, छताची कड आणि काचेचे बाऊन्स यांनी तेरापर्यंत. उरलेले पर्सिस्टंट डेटा आणि टेक्श्चरने. हे आकडे याच सीनचे आहेत. जिथे चमकणारे मेश कमी आणि साधे दिवे शेकडो, तिथे लाइट ट्रीचा वाटा कितीतरी मोठा निघेल.

२,१६० फ्रेम चार मशीनवर चार दिवसांच्या थोड्या वर वेळात झाल्या, वेगळा काढलेला भाग धरूनही मुदत पाळली गेली, आणि फार्मची गरज पडली नाही. शेवटच्या टप्प्यात काम देणाऱ्यांनी कपाटांच्या पट्ट्या थोड्या उशिरा आणि जास्त उबदार हव्यात असे सांगितले. गटाचा पास सुटा असल्यामुळे ते कंपोझिटिंगमध्ये एका बैठकीत झाले.

एक गोष्ट पूर्ण सुटली नाही. झुंबराच्या शॉटमध्ये छताच्या एका कोपऱ्यात किंचित हालचाल उरली होती. त्यावर संपूर्ण फिल्मभर एकसारखा बारीक ग्रेन (फिल्मसारखे दाणे) टाकला. मऊ डाग ग्रेनमध्ये विरून जातात. मी याला लपवाछपवी म्हणणार नाही. हलत्या चित्रात डोळ्याला एकसंध पोत लागतो, आणि फिल्मचे रूप त्याने सुधारले.

वेगळे काय करता आले असते

लाइट ग्रुपची चाचणी सगळे गट पूर्ण लावून झाली, ही या प्रकरणातली टाळता येण्यासारखी गोष्ट. प्रत्येक गट एकटा लावून, बाकी शून्यावर ठेवून, दहा-बारा सलग फ्रेम पाहिल्या असत्या तर रेंडरला लावण्याआधीच दाणे दिसले असते. ज्या गटाला फिल्ममध्ये एकटे उभे राहायचे आहे त्याची परीक्षा एकट्यानेच घ्यायला हवी. मंद गट आणि तेजस्वी गट यांचे रेंडर पहिल्यापासून वेगळे ठेवणे हाही विचारात घेण्यासारखा मार्ग होता.

बाऊन्स आणि क्लॅम्प यांच्या पहिल्या चाचणीत दोन्ही एकाच वेळी बदलले गेले. छत काळवंडले ते कशाने, हे कळेना, आणि चाचणी पुन्हा करावी लागली. एका वेळी एकच बदल, आणि त्याच पाच फ्रेमवर, ही शिस्त गटाने त्यानंतर पाळली.

आवृत्तीचा प्रश्न काम हाती घेतानाच विचारला असता तर मटेरियल मंजूर होण्याआधी ४.२ वर जाता आले असते, आणि लाइट लिंकिंगही मिळाले असते. अर्थात लाइट लिंकिंगने छताची कड फक्त छताला जोडून टाकण्याचा मोहही झाला असता. तो कितपत मानावा यावर माझे मत राखीव आहे. कडेतल्या दिव्याची थोडी झळ कपाटांच्या वरच्या कडेलाही लागते, आणि दालन खरे वाटते ते अशा झळांमुळेच.

बल्ब, पट्ट्या आणि छत्र्या यांचे प्रश्न मॉडेलिंगच्या टेबलावर सुरू झाले होते, लाइटिंगच्या नाही. मॉडेलिंग करणाऱ्याला कुणी सांगितलेच नव्हते की या बल्बमधून प्रकाश बाहेर यायचा आहे. त्याने फोटोत दिसतो तसा बल्ब केला, आणि तो उत्तम केला. या गटाच्या सामायिक संग्रहात आता प्रत्येक दिवा दोन भागांत असतो: दिसणारी वस्तू आणि प्रकाश देणारा लाइट, काचेची सावली आधीच बंद, आणि लाइट ग्रुपचे नाव आधीच लावलेले. सीनमध्ये दिवा ओढून आणला की चमकणाऱ्या मेशच्या त्रिकोणांची संख्या मोजणारी एक छोटी स्क्रिप्टही त्यांनी लिहिली आहे, आणि रेंडरला लावण्याआधी ती चालवायची हे लाइटिंग पाहणारीच्या तपासणी-यादीत पहिल्या ओळीत आहे.